एकवीस मिनिटांचा उजेड

भिंगरीला एका जागी बसवत नसे, आणि ही गोष्ट लपून राहण्यासारखी नव्हती. बीज तपासणीच्या प्रयोगशाळेत ती रुजू झाली त्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीच्या आत, मामांनी तिचं नाव पाडून टाकलं. मामा म्हणजे प्रयोगशाळेतल्या काचेच्या बश्या धुणारे, टेबलं पुसणारे आणि न विचारता मत देणारे गृहस्थ. "पोरीच्या पायाला भिंगरी आहे," ते म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत तिचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं.

आता गंमत अशी, की या कामात करण्यासारखं थोडं आणि वाट पाहणं फार. चिमट्याने शंभर बिया मोजायच्या, ओल्या कागदावर एकमेकींना न चिकटवता मांडायच्या, वर काचेचं झाकण ठेवायचं. अशा चार बश्या कपाटात ठेवायच्या. कपाट पोलादी, दाराला काच नाही, आत एकच तापमान. दार लावायचं आणि विसरून जायचं. ठरलेल्या दिवशी उघडून किती बियांना मोड आले ते मोजायचं. शंभरातल्या नव्वद उगवल्या तर नव्वद टक्के. संपलं.

विसरून जायचं, हे भिंगरीला जमत नव्हतं. रोज सकाळी तिचा दिवस शून्यापासून सुरू व्हायचा. काल काय काय केलं याचा तिला आज काडीचा आधार वाटत नसे. म्हणून ती वहीत यादी करायची आणि एकेका ओळीवर रेघ मारायची. यादीत नसलेलं काम हातून झालं, तर आधी ते यादीत लिहायचं आणि मग त्यावर रेघ मारायची. रेघ मारताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे ते मामांच्या मते जेवल्यावरही दिसत नसे.

या स्वभावाचं चित्रच एके दिवशी टेबलावर आलं. कपाटाच्या डोक्यावर एक यंत्र होतं. त्यात एक गोल कागद आठवडाभर हळूहळू फिरायचा आणि निळ्या शाईचं पेन त्यावर आतलं तापमान रेखत जायचं. सगळं ठीक असेल तर कागदावर एक स्वच्छ वर्तुळ उमटायचं. बाईंनी (म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना तीस वर्षांत कुणी धावताना पाहिलं नव्हतं) भिंगरीसमोर जो कागद ठेवला, त्यावर वर्तुळ नव्हतं. करवतीची चकती होती.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"तापमानाचा आलेख."

"नाही. हा तुझा आलेख आहे. प्रत्येक दाता म्हणजे तू एकदा दार उघडलंस. मी मोजले. रोजचे अकरा."

"बाई, मी फक्त बघत होते."

"बिया तुझ्या बघण्याने उगवतात का?"

भिंगरीने एका दिवसाचे दाते मोजून पाहिले. खरंच अकरा होते.

बाईंचा आवाज चढला नाही. तो कधीच चढत नसे, हीच तर पंचाईत होती. "तुझे उमेदवारीचे सहा महिने आता भरतील. तुला तपासणीच्या टेबलावर कायम करायचं की पुढच्या नोंदणीच्या खिडकीवर पाठवायचं, ते मला मुख्यालयाला कळवायचंय. खिडकी वाईट नाही. दिवसभर माणसं येतात, तुला करमेल. पण टेबल हवं असेल, तर यापुढे मला वर्तुळ पाहिजे. दाते नकोत."

भिंगरीला टेबल हवं होतं. शाळेत असताना तिने बाटलीच्या झाकणात मूग भिजत घातले होते, तेव्हापासून हवं होतं.

बाईंनी एक फॉर्मही दिला. त्यात दोन चौकोन होते. वरचा "आपली बलस्थाने", खालचा "आपल्या उणिवा". खालचा चौकोन भिंगरीने दहा मिनिटांत भरला. पहिलीच ओळ होती, "दर पंचेचाळीस मिनिटांनी उठते". अशा सहा ओळी झाल्या आणि शेवटची समासात गेली. वरचा चौकोन मात्र कोराच राहिला. तिने पेन्सिलीने "मेहनती" असं लिहिलं, ते वाचून तिलाच कसंसं झालं आणि तिने खोडलं.

* * *

त्याच आठवड्यात माळीकाकांच्या बिया दुसऱ्यांदा तपासणीला लागल्या.

माळीकाका शहराबाहेरच्या एका कुरणाची देखभाल करत. त्या कुरणात एक निळं रानफूल यायचं, जे आसपास दुसरीकडे कुठेच नव्हतं. कुरणातून रस्ता जाणार हे कळलं, तसं माळीकाकांनी आठ वर्षं दर हंगामाला त्याचं बी गोळा केलं. आता कुरण गेलं होतं आणि उरली होती एक बरणी. बी इतकं बारीक, की बरणीत दळलेली मिरी भरलीय असं वाटावं. इस्पितळामागचा मोकळा उतार त्यांना पेरायला मिळणार होता, पण अट होती: शंभरातल्या निदान साठ बिया उगवतात असा प्रयोगशाळेचा अहवाल हवा.

पहिली तपासणी खुद्द बाईंनी केली होती. चारशेतल्या दोन उगवल्या.

"नियमांच्या पुस्तकात या फुलाचं नावच नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून मी त्याच्या जवळच्या नातेवाइकाचा नियम लावला. अंधार, एकच तापमान, चौदा दिवस. दुसरी तपासणी तू कर. तिसरी मिळत नाही."

भिंगरीने चारशे बिया मांडल्या. दोन बश्या वरच्या फळीवर, दाराला लागून. दोन खालच्या फळीवर, ओलाव्यासाठी ठेवलेल्या पाण्याच्या उंच स्टीलच्या भांड्यामागे. दार लावलं. वहीत लिहिलं, "दार लावणे". रेघ मारली. आणि पंचेचाळीस मिनिटांनी तिचे हात शिवशिवायला लागले.

तिने प्रामाणिकपणे प्रयत्न केले. चिमटे लांबीप्रमाणे लावले. मामांनी धुतलेल्या बश्या पुन्हा धुतल्या, त्यावरून मामा दोन तास फुगून बसले. पण शेवटी ती विज्ञान शिकलेली मुलगी होती आणि तिच्या डोक्यात एक साधा प्रश्न आला: दार किती वेळ उघडं राहिलं, तर पेनाला कळतं?

शेजारी एक रिकामं कपाट होतं. जेवणाच्या सुट्टीत ती घड्याळ घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली. तीस सेकंद: पेन खाली येतं. वीस: जरासं हलतं. पंधरा: ढिम्म. प्रत्येक वेळ तिने पाचदा करून पाहिली, कारण एकदाच करून पाहणं म्हणजे अंदाज. पंधरापर्यंत धोका नव्हता. तिने दहा ठरवले.

मग काय! दिवसातून अकरा वेळा, दहा सेकंद. उघड, बघ, लाव. वहीत एक बारीक रेघ. बाईंचं लक्ष नसताना ती उघडायची. मामांनी पाहिलं असेल तर ते बोलले नाहीत, कारण बश्यांवरून अजून अबोला होता.

रविवारी प्रयोगशाळा बंद. भिंगरीने घरातले सगळे पेन लिहितात का ते तपासलं, न लिहिणारे वेगळे केले, आणि बटणांचा डबा घेऊन बसली.

"अगं, बस की जरा," आई म्हणाली.

"बसलेच आहे ना!"

"तू बसलीस तरी घर हलतंय. ताईकडे बघ."

ताई खिडकीपाशी पुस्तक वाचत होती. ती बांधणीच्या कारखान्यात जुनी पुस्तकं शिवायची आणि सुट्टीच्या दिवशी नवी वाचायची. सकाळपासून तिने फक्त पानं हलवली होती. भिंगरीने बटणं लावता लावता दोघींना त्या फुलाची गोष्ट सांगितली. पुस्तकात नाव नाही, म्हणून नातेवाइकाचा नियम लावला वगैरे.

ताईने पुस्तकातून डोकं वर काढलं. "आई, ऐकलंस? तू वीस वर्षं हेच करतेयस. माझे नियम हिला लावतेयस. टक्केवारी बघ काय आलीय ते."

"चारशेत दोन," आई म्हणाली. "पण त्या दोनही बऱ्या निघाल्या हो." आणि तिने भिंगरीच्या केसांना एक ओझरता हात लावला.

"ताई, माझी बलस्थानं काय गं?" भिंगरीने फॉर्मची आठवण होऊन विचारलं.

"मी वाचतेय, हे दिसत असूनही तू विचारलंस. लिही: कुणाला घाबरत नाही."

* * *

नवव्या दिवशी, दुपारी सव्वाबाराला, वरच्या फळीवरच्या बशीत एक पांढरा ठिपका दिसला.

भिंगरीने दार लावलं. दहा सेकंद झाले होते. तिला ओरडायचं होतं आणि ओरडता येत नव्हतं. बाई शेजारच्या टेबलावर मान खाली घालून बिया मोजत होत्या. भिंगरी मोरीकडे गेली आणि मामांच्या हातातलं फडकं ओढून घेऊन एक बशी इतकी घासली, की मामांचा अबोला सुटला.

"काय झालं?"

"काही नाही."

"काही नाही, तर हसतेयस का?"

"मामा, तुमच्या बश्या फार स्वच्छ असतात."

मामा चकित झाले आणि त्यांनी सगळं माफ केलं.

त्यानंतर दर पंचेचाळीस मिनिटांनी तिला बातमी मिळत होती. तीन. सात. बारा. दुसऱ्या दिवशी मोजायला दहा सेकंद पुरेनात. खालची फळी स्टीलच्या भांड्यामागे होती. ते भांडं सरकवायला वेळ नव्हता, पण वर उगवल्या म्हणजे खालीही उगवणारच, एकाच बरणीतल्या तर आहेत. हे तिने तपासलं नाही, गृहीत धरलं. एरवी ती तसं कधी करत नसे.

चौदाव्या दिवशी सकाळी बाईंनी यंत्रातला गोल कागद काढून खिडकीच्या उजेडात धरला. दोन्ही आठवड्यांचे कागद शेजारी शेजारी लावले. दोन वर्तुळं, थाळीसारखी. बाईंच्या चेहऱ्यावर चक्क हसू आलं.

"जमलं की तुला," त्या म्हणाल्या, आणि फॉर्मवर सही केली. तपासणीचे टेबल, कायम. "बलस्थानांचा चौकोन भर आणि शुक्रवारपर्यंत दे. चल, आता मोजू."

वरची पहिली बशी: एकाहत्तर. दुसरी: चौसष्ट. मामा हातातलं काम टाकून बघायला आले. मग बाईंनी पाण्याचं भांडं बाजूला केलं आणि खालच्या दोन बश्या काढल्या.

तीन. आणि दोन.

बाईंनी त्या दोन बश्या पुन्हा मोजल्या, जणू मोजून वाढणार होत्या.

"चार बश्यांत इतका फरक म्हणजे तपासणी बाद," त्या म्हणाल्या. "सरासरीही काढता येत नाही. कारण सापडलं असतं तर पुन्हा करता आली असती. एकच बरणी, एकच कपाट, आणि आलेख तर स्वच्छ आहे." त्यांनी अहवालाचा कागद ओढला. "कारण अज्ञात. पहिला निकाल कायम. माळीकाकांना वाईट वाटेल."

भिंगरीने टेबलावरच्या सहीकडे पाहिलं. शाई अजून ओली होती. मग तिने त्या एकाहत्तर मोडांकडे पाहिलं. एकेक मोड तिच्या ओळखीचा होता. कुठला कधी आला, हे ती वेळेसकट सांगू शकली असती. आणि तीच तर अडचण होती. सांगितलं तर टेबल गेलं. नाही सांगितलं तर बरणी गेली.

"बाई," ती म्हणाली, "कारण अज्ञात नाहीये."

बाईंचं पेन थांबलं.

"दार उघडलं गेलं होतं."

"कुणी उघडलं?"

"मी."

"कधी?"

"म्हणजे... एकशे सत्तावीस वेळा."

मामांनी हातातली बशी हळूच खाली ठेवली. "मोजून?" त्यांनी विचारलं.

भिंगरीने वही पुढे केली. बारा पानं, रोज दहा-अकरा रेघा. बाईंनी पानं उलटली. मग गोल कागद उचलला. "मग हे वर्तुळ कसं आलं?"

"पंधरा सेकंदांपर्यंत पेनाला कळत नाही. मी दहातच लावायचे."

"पंधरा? कुणी सांगितलं?"

"मी करून पाहिलं. रिकाम्या कपाटावर, जेवणाच्या सुट्टीत."

"किती वेळा?"

"प्रत्येक वेळ पाचदा."

बाईंच्या तोंडावर राग होता, खराखुरा. पण तीस वर्षं बिया मोजलेल्या बाईच्या रागालाही मधेच एक प्रश्न पडू शकतो. त्यांनी चष्मा काढला. वरच्या बश्यांकडे पाहिलं, मग खालच्या. मग स्टीलच्या भांड्याकडे.

"तापमान हललं नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "ते हा कागदच सांगतोय. म्हणजे थंडी आत गेली नाही. मग दारातून वरच्या फळीवर काय गेलं, जे या भांड्यामागे पोचलं नाही?"

"उजेड!" मामा ओरडले. मग ओशाळून म्हणाले, "मला काय कळतंय म्हणा. पण दुसरं काय जाणार?"

"एकशे सत्तावीस गुणिले दहा," भिंगरी म्हणाली. "एकवीस मिनिटं. चौदा दिवसांत फक्त एकवीस मिनिटं उजेड, बाई! तेवढ्याने जाग्या झाल्या!" आपण गुन्हेगार आहोत हे ती साफ विसरली होती. "आणि ताडून बघता येईल. चारही बश्या वरच्या फळीवर ठेवायच्या. दोन उघड्या, दोन ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून. दार तसंच, दहा सेकंद. उजेडामुळे असेल तर गुंडाळलेल्या उगवणार नाहीत."

बाईंनी फॉर्म उचलला, घडी घातली आणि आपल्या खणात टाकून कुलूप लावलं.

"तू मला फसवलंस," बाई म्हणाल्या. "ते वेगळं. त्यासाठी पुढचे दोन आठवडे तू नोंदणीच्या खिडकीवर बसशील. फॉर्मला मी मुदत मागून घेते." त्यांनी एक कोरी नोंदवही काढली. "आणि दर पंचेचाळीस मिनिटांनी खिडकीवरून उठून इथे यायचं. दार उघडायचं. दहा सेकंद. नोंदवहीत वेळ आणि सही. एकही खेप चुकलेली मला चालणार नाही."

"एकही चुकणार नाही!"

"ते माहीत आहे," बाई म्हणाल्या. "म्हणून तर तुलाच सांगतेय. माझ्याच्याने हे झालं नसतं."

* * *

ते दोन आठवडे भिंगरीच्या आयुष्यातले बहुधा सगळ्यांत सुखाचे. खिडकी ते कपाट, कपाट ते खिडकी. मामा तिच्या वाटेतून बादल्या उचलायला लागले. खिडकीवर माणसं पिशव्या घेऊन यायची. ती नोंद करून पावती द्यायची आणि पावती देता देता चौकशी करायची. दहाव्या दिवशी खुद्द माळीकाका आले.

"माझ्या बरणीचं काय झालं?"

"काका, कळेल चार दिवसांत. एक विचारू? हे फूल कुरणात कुठे यायचं? सगळीकडे?"

"छे! सगळीकडे कुठलं? जिथे माती उकरली असेल तिथेच. गाईंनी खुरांनी उखडलेली जागा, नाहीतर मी जिथे कुदळ मारली असेल तिथे. गवताखाली मरून पडल्यासारखं राहायचं. उकरलं की वर."

भिंगरी खिडकीतून जवळजवळ बाहेर आली. "म्हणजे माती वरखाली झाली, की बियांना क्षणभर उजेड दिसतो!"

"ते तुम्ही शिकलेल्यांनी सांगायचं."

"पण तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत?"

"विचारलं कुणी?" माळीकाका म्हणाले. "तुमच्या अर्जावर नाव होतं, पत्ता होता, वजन होतं. बी कुठे उगवतं, हा रकानाच नव्हता."

त्या दुपारी भिंगरीने अर्जावर पट्टीने एक रकाना आखला आणि बाईंची परवानगी घ्यायला धावली. धावता धावता दाराची वेळ झाली, म्हणून आधी दार उघडलं.

चौदाव्या दिवशी माळीकाकांना मुद्दाम बोलावलं होतं. ते टोपी हातात धरून उभे होते. बाई चिमट्याने मोजत होत्या, आणि त्यांच्या त्या संथपणाने खोलीतल्या इतर तिघांचा जीव टांगणीला लागला होता. उघडी पहिली बशी: त्र्याऐंशी. उघडी दुसरी: एकोणऐंशी. मग बाईंनी ॲल्युमिनियमचा कागद सोडवला. एका बशीत दोन. दुसरीत एकही नाही.

"दोन्ही बश्या जुळतात," बाई म्हणाल्या. "उजेडात एक्क्याऐंशी टक्के." त्यांनी अहवालावर तसंच लिहिलं आणि खाली पद्धत लिहिली: दर पंचेचाळीस मिनिटांनी, दहा सेकंद.

माळीकाकांनी टोपी डोक्यावर घातली आणि त्या त्र्याऐंशी मोडांकडे वाकून पाहिलं. मग म्हणाले, "आता इस्पितळामागे कुदळ मारत फिरायला माणूस लागेल."

"मी येईन," भिंगरी म्हणाली. "रविवारी मी मोकळीच असते."

"तिला न्याच," मामा म्हणाले. "तिच्या आईवर उपकार होतील."

बाईंनी खण उघडला, फॉर्म काढला आणि भिंगरीपुढे ठेवला. सही होती तशीच होती. वरचा चौकोन अजून कोरा होता. पण खालच्या चौकोनातल्या पहिल्या ओळीला, "दर पंचेचाळीस मिनिटांनी उठते" या ओळीला, लाल पेन्सिलीने गोल केलं होतं. गोलापासून एक बाण निघून वरच्या चौकोनात गेला होता. आणि बाणाच्या टोकाशी, बाईंच्या बारीक अक्षरात, एकच टीप होती: "वेळापत्रकासह."

भिंगरीने ते दोनदा वाचलं.

"आणि पुन्हा लपवून काही केलंस तर?" बाईंनी विचारलं.

"खिडकी."

"कायमची. जा, तो मुख्यालयाच्या टपालात टाक. टपालाची गाडी यायची वेळ झालीय."

भिंगरीने वही काढली. यादीत "फॉर्म देणे" असं महिनाभर पडून होतं. तिने त्यावर एक झोकदार रेघ मारली, वही खिशात कोंबली आणि वाऱ्यासारखी दाराबाहेर गेली.

"अगं, भिंगरे!" मामा टेबलावरून कागद उचलत तिच्यामागे ओरडले. "फॉर्म! फॉर्म राहिला इथेच!"